पाण्याखालून बिनतारी निरोप : कमी खर्चात, आवाजाच्या वाटेने

रामटेकजवळचा खिंडसी तलाव सूर नदीचे पाणी अडवून ब्रिटिश काळात बांधला गेला. नागपूरकरांना तो नौकाविहारासाठी माहीत आहे, शेतकऱ्यांना ओलितासाठी आणि ढिवर समाजाला मासेमारीसाठी. दिसते ते मात्र सगळ्यांना वरचेच पाणी. चार-पाच मीटर खाली पाणी किती गार आहे, त्यात प्राणवायू किती उरला आहे, हे कुणी होडी घेऊन मोजायला गेल्याशिवाय कळत नाही. मोजणारे उपकरण तळाशी सोडणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. अडते ते पुढेच. मोजलेला आकडा पाण्याबाहेर आणायचा कसा?

त्याची खात्रीची वाट म्हणजे आवाज. आजवर ही वाट नौदले, तेल कंपन्या आणि मोठ्या सागरी संस्था यांनीच वापरली, कारण उपकरणे लाखांच्या घरातली होती. गेल्या दीड दशकात विद्यापीठांनी तेच काम थोडक्या पैशांत करून दाखवले आहे. खिंडसीसारख्या तलावाला तर यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत संथ यंत्रही पुरेसे आहे. ते कसे, ते क्रमाने पाहू.

मोबाइलच्या लहरी पाण्यात का टिकत नाहीत

मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ ही सगळी साधने रेडिओलहरींवर चालतात. हवेत या लहरी दूरवर जातात. पाणी मात्र त्यांची ऊर्जा शोषून घेते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर गोड्या पाण्यातही हातभर अंतर धडपणे पार करत नाही. समुद्राचे खारे पाणी विद्युतवाहक असल्याने तिथे स्थिती आणखी बिकट असते. अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी काही मीटर खोल शिरतात. पण त्यासाठी अवाढव्य अँटेना लागतात. पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी भारतीय नौदलाने तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र उभारले आहे, ते याच प्रकारचे. तलावाकाठी असे काही उभारण्याची कल्पनाही करता येत नाही.

प्रकाशाने संदेश पाठवता येतो. नितळ पाण्यात निळा-हिरवा प्रकाश बराच दूर पोचतो आणि त्यावरून माहितीही वेगाने जाते. पण पावसाळ्यात शेतांतली माती घेऊन येणारे गढूळ पाणी आणि उन्हाळ्यातले शेवाळ यांपुढे प्रकाशाचे काही चालत नाही. उरतो तो आवाज.

पाण्यात आवाज किती वेगाने जातो

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गोड्या पाण्यात तो २० अंश सेल्सिअसला सुमारे १४८२ मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने जातो. पाणी तापले की वेग वाढतो; ३० अंशांना तो १५०९ मीटरच्या आसपास असतो.

हा वेग पहिल्यांदा नेमकेपणाने मोजला गेला तो एका गोड्या पाण्याच्या सरोवरातच. १८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात कोलाडों आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी दोन होड्या १३ किलोमीटरहून अधिक अंतरावर उभ्या केल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा टांगली होती. तिच्यावर टोला पडला की त्याच क्षणी वर दारूचा भडका उडे. रात्रीच्या अंधारात दुसऱ्या होडीवरून भडका दिसला की घड्याळ सुरू करायचे आणि पाण्यात सोडलेल्या लांब नळीतून घंटेचा नाद ऐकू आला की थांबवायचे. नाद पोचायला साधारण साडेनऊ सेकंद लागले आणि ८ अंश तापमानाच्या पाण्यात वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. आजच्या मोजणीशी हा आकडा जवळपास जुळतो. एक घंटा, एक नळी आणि एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर तेरा किलोमीटरपलीकडे खूण पोचली होती.

गोड्या पाण्याचा फायदा

आवाज दूर जाताना दोन कारणांनी क्षीण होतो. एक म्हणजे तो पसरत जातो. दुसरे म्हणजे पाणी त्याची थोडी ऊर्जा शोषून तिची उष्णता करते. समुद्रात हे शोषण बरेच असते, कारण खाऱ्या पाण्यातले मॅग्नेशियम सल्फेट आणि बोरिक आम्ल ध्वनिलहरींची ऊर्जा खातात. २५ किलोहर्ट्झच्या आवाजासाठी समुद्रात किलोमीटरमागे पाच-सहा डेसिबलची घट धरावी लागते. तलावाच्या गोड्या पाण्यात तेवढ्याच अंतराला ती एका डेसिबलच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते.

म्हणजे समुद्रासाठी बनवलेले बेताच्या ताकदीचे यंत्र तलावात आरामात चालावे. शोषणापुरते ते खरेही आहे. तलावातली अडचण वेगळी आहे. तिच्याकडे वळण्याआधी यंत्राची रचना पाहू.

यंत्रात काय काय असते

पाण्याखालच्या मोडेमचे, म्हणजे आवाजाने निरोप पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या यंत्राचे, काळीज म्हणजे पीझो सिरॅमिकची चकती किंवा नळी. तिला विजेचा दाब दिला की ती किंचित आकुंचन-प्रसरण पावते आणि पाण्यात लहर उठवते. उलट पाण्यातून लहर येऊन आदळली की तीच चकती बारीकसा विद्युतदाब निर्माण करते. बोलण्याचे आणि ऐकण्याचे काम एकच भाग करतो. मनगटी घड्याळाच्या गजरात, गॅसच्या लायटरमध्ये हेच तत्त्व वापरलेले असते. साधी चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळते.

चकतीला पाणी लागू न देता तिचा आवाज मात्र पाण्यात पोचवायचा, हे खरे कसबाचे काम. चकतीच्या तारा जोडून झाल्या की ती इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनमध्ये ओतून बंद करतात. ओतताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आवाज जवळजवळ पूर्ण परततो आणि एवढासा बुडबुडाही यंत्र बहिरे करतो. म्हणून मिश्रण सावकाश ओततात आणि शक्य असेल तर निर्वातात ठेवून त्यातली हवा काढतात. नौदलाच्या सोनारमध्ये दुसरी युक्ती फार जुनी आहे: रबराच्या वेष्टनात एरंडेल तेल भरायचे आणि त्यात सिरॅमिक बुडवायचे. एरंडेल वीज वाहू देत नाही आणि ध्वनीच्या दृष्टीने ते पाण्याच्या बरेच जवळचे असते, त्यामुळे आवाज तेलातून पाण्यात अडथळ्याविना जातो.

याला जोडून एक प्रवर्धक, एक मायक्रोकंट्रोलर आणि बॅटरी. बाजारातल्या व्यावसायिक मोडेममध्येही मूळ भाग हेच असतात. तिथे किंमत चढते ती खोल समुद्राचा दाब सोसणारे आवरण, मोजून-तपासून दिलेले ट्रान्सड्युसर (ओतून बंद केलेले सिरॅमिक) आणि अल्प संख्येतले उत्पादन यांमुळे.

आकडे आवाजात कसे घालतात

सर्वांत सोपी रीत दोन स्वरांची. एका वारंवारतेचा स्वर म्हणजे शून्य, दुसऱ्या वारंवारतेचा म्हणजे एक. ऐकणारे यंत्र त्या दोनच स्वरांवर कान ठेवून असते. दुसरी रीत चढत्या किंवा उतरत्या स्वराची: स्वर खालून वर गेला तर एक, वरून खाली आला तर शून्य. असा सरकता स्वर गोंगाटातही ओळखू येतो, म्हणून स्वस्त यंत्रांत तो फार वापरतात. संदेशाच्या शेवटी पडताळणीचे काही बिट जोडतात, म्हणजे वाटेत बिघडलेला आकडा खरा मानला जात नाही.

विमानाच्या ब्लॅक बॉक्सवरचा पिंगर हा या सगळ्याचा अगदी साधा नमुना. पाण्यात पडताच तो सेकंदाला एकदा ३७.५ किलोहर्ट्झची टिकटिक सुरू करतो. निरोप एवढाच, 'मी इथे आहे'. पण तेवढ्यावर शोधपथके समुद्र धुंडाळतात.

तलावातली खरी अडचण : प्रतिध्वनी

उथळ पाण्यात आवाज सरळ तर जातोच, शिवाय पृष्ठभाग आणि तळ यांच्यावर आपटत आपटत मागूनही येत राहतो. विहिरीत वाकून भराभर बोलले तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो आणि काहीच कळत नाही, तसे इथे बिटांचे होते.

हिशेब करून पाहू. पाणी १० मीटर खोल आहे, दोन यंत्रे मध्यावर, म्हणजे ५ मीटर खोलीवर, एकमेकांपासून ५०० मीटर अंतरावर आहेत. सरळ येणाऱ्या आवाजाला ५०० मीटर जावे लागते. वर-खाली दहा वेळा आपटून येणाऱ्याला सुमारे ५१० मीटर. या दहा मीटरच्या फरकाने तो साधारण सात मिलिसेकंद उशिरा पोचतो. आता प्रत्येक बिट दोन-तीन मिलिसेकंदांचे ठेवले, तर आधीच्या बिटांचे पडसाद पुढच्या बिटांवर पडत राहणार. महागडी यंत्रे किचकट गणिताने हे पडसाद वेगळे काढतात. स्वस्त यंत्राचा उपाय सोपा आहे: हळू बोलायचे. प्रत्येक बिट लांब ठेवायचे, दोन बिटांमध्ये पडसाद विरेपर्यंत थांबायचे आणि लागोपाठच्या बिटांना निरनिराळे स्वर द्यायचे. वेग घटतो, पण निरोप शाबूत पोचतो.

ऊन, पाऊस आणि होड्यांची मोटार

विदर्भाचा उन्हाळा पाण्याखालच्या आवाजावरही परिणाम करतो. एप्रिल-मे महिन्यांत वरचा थर तापतो आणि खालचा गार राहतो. गार पाण्यात आवाजाचा वेग कमी, आणि आवाज नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतो. म्हणून दुपारी वरच्या थरातून आडवा सोडलेला आवाज तळाकडे झुकतो आणि काही अंतरापलीकडे पृष्ठभागाजवळ तो ऐकूच येत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला नेमके हेच कोडे पडले होते: सकाळी नीट चालणारा सोनार दुपारी का फसतो? उत्तर पाण्याच्या तापमानात सापडले. तलावात यावर तोडगा हाताशी आहे. ऐकणारे यंत्र दोरीने खाली, गार थराच्या जवळ सोडायचे आणि महत्त्वाचे निरोप रात्री किंवा पहाटे पाठवायचे.

पावसाचाही आवाज असतो. रिमझिम पावसाचे बारीक थेंब पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार करतात आणि त्यांचा गोंगाट १५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. मोटारबोटींचा खडखडाट मुख्यतः त्याहून खालच्या स्वरांत. म्हणून २४ ते ३२ किलोहर्ट्झचा पट्टा तलावासाठी सोयीचा पडतो.

महागाकडून स्वस्ताकडे

२०१० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी साडेतीनशे डॉलरच्या आसपास सुटे भाग वापरून एक मोडेम बांधला. तयार ट्रान्सड्युसर घेण्याऐवजी त्यांनी साध्या सिरॅमिकवर स्वतः ओतकाम केले आणि मोठी बचत तिथेच झाली. त्या वेळी बाजारातला मोडेम काही हजार डॉलरना पडे. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेफ नीशम यांच्या गटाने 'नॅनोमोडेम' तयार केला. सुमारे ५० पौंडांच्या खर्चात तो २४ ते ३२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन किलोमीटरपर्यंत बोलतो. पहिल्या रूपात वेग सेकंदाला ४० बिट होता, नंतरच्या रूपात तो ६४० पर्यंत गेला.

भाषा सारखी असावी म्हणूनही प्रयत्न झाले. निरनिराळ्या कंपन्यांचे मोडेम एकमेकांशी बोलत नाहीत, ही जुनी तक्रार. २०१७ मध्ये नाटोने 'जेनस' ही खुली पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचा वेग सेकंदाला अवघा ८० बिट आहे. पण तिचा तपशील सर्वांना उपलब्ध आहे आणि कुणीही तो आपल्या यंत्रात वापरू शकतो.

सर्वांत धाडसी प्रयोग २०२२ चा. वॉशिंग्टन विद्यापीठात मूळचे भारतीय असलेले श्याम गोल्लाकोटा आणि त्यांचे विद्यार्थी यांनी 'ॲक्वाॲप' बनवले. जलरोधक पिशवीत ठेवलेला नेहमीचा स्मार्टफोन आपल्याच स्पीकर-माइकने पाण्याखाली निरोप पाठवतो. पाणबुडे हातांनी करतात त्या सुमारे २४० खुणांतून हवी ती निवडायची. ३० मीटरपर्यंत ती पोचते आणि फार संथ वेगाने पाठवलेली संकटाची खूण १०० मीटरपर्यंत जाते. इथे वेगळे यंत्र विकत घ्यावेच लागत नाही.

आपल्या देशात

पाण्याखालून आवाजाने निरोप येण्याची भारतातली सर्वांत मोलाची व्यवस्था समुद्रात आहे. २००७ च्या ऑक्टोबरात हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. खोल समुद्राच्या तळावरचे दाबमापक पाण्याच्या पातळीतला बारीक बदल टिपतात, तो आवाजाने वरच्या तरंगत्या बोयाला कळवतात आणि बोया उपग्रहाला. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे स्वयंचलित पाणयान तयार केले. आयआयटी मुंबईचे विद्यार्थी 'मत्स्य' नावाचे पाणयान बांधतात आणि ते अमेरिकेतल्या रोबोसब स्पर्धेत उतरवतात. पाण्याखालच्या पिंगरचा आवाज हायड्रोफोनने ऐकून त्याची दिशा ओळखणे हा त्या स्पर्धेचा एक भाग आहे. म्हणजे पदवीचे विद्यार्थी हे काम करू शकतात, हे महाराष्ट्रात सिद्ध झालेले आहे.

गोड्या पाण्याचे महत्त्व संरक्षण संशोधनानेही ओळखले आहे. कोचीच्या एनपीओएल प्रयोगशाळेचे ध्वनिचाचणी केंद्र समुद्रात नाही, ते केरळच्या इडुक्की जलाशयात कुळमावू येथे आहे. धरणांतला गाळ मोजण्यासाठी खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आणि नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (मेरी) या संस्थांनी ध्वनीचाच आधार घेतला आहे. तिथे यंत्र स्वतःचा पडसाद ऐकते, मोडेम दुसऱ्याचा निरोप ऐकतो. पाण्यातला आवाज दोन्हीकडे तोच.

खिंडसीला याचा उपयोग काय

तलावातल्या मासळीला सर्वांत धोक्याची वेळ पहाटेची. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, पण श्वसन सगळ्यांचे चालू असते. सूर्योदयाआधी प्राणवायू सर्वांत कमी होतो. ढगाळ दिवसांनंतर तो फारच घटतो आणि रोहू, कटला वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. लिटरमागे पाच मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू या माशांना मानवतो. तो तीनच्या खाली गेला तर त्यांच्या जिवावर बेतू लागते. दुसरा धोका उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या वादळी पावसाचा. तळाला साचलेले प्राणवायूविरहित पाणी ढवळून वर येते आणि एका रात्रीत मासे मरतात. तळाजवळचा आकडा रात्रीच कळला तर मासेमारी संस्थेला मासळी आधी काढण्याचा किंवा पिंजऱ्यातल्या माशांचे खाद्य थांबवण्याचा निर्णय घेता येतो.

वायर का नको, हा प्रश्न रास्त आहे. उपकरण तराफ्याखाली दोन-तीन मीटरवर लटकत असेल तर वायरच वापरावी. ती स्वस्त आणि भरवशाची. पण मोजायचे ठिकाण तलावाच्या मध्यावर, तळाशी आणि एकाहून अधिक जागी असेल, वरून जाळी ओढली जात असतील, होड्या फिरत असतील आणि ओलितामुळे पाण्याची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खाली-वर होत असेल, तर वायर गुंतते, तुटते. तिथे आवाज कामाला येतो. काठाजवळचा एक बोया सगळ्यांचे निरोप ऐकतो आणि मोबाइलच्या जाळ्यावरून पुढे पाठवतो.

निरोपात किती मावते

तापमान, प्राणवायू, खोली, बॅटरीची स्थिती आणि पडताळणी यांना मिळून ६४ बिट पुरतात. सेकंदाला ४० बिट वेगाने हा निरोप दीड सेकंदाच्या आसपास संपतो. तासातून एकदा पाठवला तरी बॅटरीवर ताण नाही. याउलट १०० किलोबाइटचा एक फोटो ६४० बिट वेगाने पाठवायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. म्हणून या साधनाकडे चित्रांची अपेक्षा ठेवू नये. तलाव मात्र तासातासाला बदलतो, सेकंदासेकंदाला नाही. त्याच्यासाठी हा वेग ऐसपैस आहे.

सुरुवात कशी करावी

रामटेकमध्येच अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय नेमका बसतो. पहिली चाचणी पाण्याच्या टाकीत करावी: ओतकाम गळते का, दोन स्वर वेगळे ओळखता येतात का. तिथे पडसाद भयंकर असतात, त्यामुळे वेग मोजू नये. पुढची चाचणी एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, ५० मीटर, मग १०० मीटर अंतरावर. प्रत्येक वेळी शंभर निरोप पाठवून किती शाबूत पोचले ते वहीत लिहावे, सोबत पाण्याचे तापमान, वारा आणि वेळ. मोठ्या तलावात उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी आणि मासेमारी संस्थेची संमती घ्यावी. जाळी कुठे पडतात, तळ कुठे खडकाळ आहे हे होडीवाल्यांइतके कुणालाच ठाऊक नसते. तोतलाडोहचा जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीविना काहीही करू नये.

माशांना त्रास होईल का? रोहू, कटला, मृगल यांच्या वाताशयाला कानाशी जोडणारी छोट्या हाडांची साखळी असते, म्हणून त्यांचे कान इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असतात. तरीही त्यांना काही किलोहर्ट्झपर्यंतचेच स्वर ऐकू येतात. २४ किलोहर्ट्झच्या वरचा मोडेम त्यांच्या ऐकण्यापलीकडे राहतो. आवाज कमीत कमी ताकदीचा ठेवणे हा नियम तरीही पाळावा.

यश कशाला म्हणायचे

या क्षेत्रात किलोमीटर आणि बिट यांची स्पर्धा फार चालते. तलावाकाठी कसोटी निराळी असायला हवी. यंत्र बिघडले तर ते गावातच दुरुस्त व्हावे, त्याचे भाग नागपूरच्या बाजारात मिळावेत आणि रात्री दोन वाजता आलेला प्राणवायूचा आकडा मासेमारी संस्थेच्या माणसाला वाचता यावा, त्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक असावे. एवढे साधले तर सेकंदाला चाळीस बिटही भरपूर झाले. तंत्र तयार आहे, खर्च आवाक्यात आहे आणि पाणी गोडे आहे. आता महाविद्यालय आणि मासेमारी संस्था यांनी एकत्र बसून पहिले यंत्र तलावात सोडायचे आहे.